कापसाचा बोळा

४ मार्च

पिठू,

पाकिटावरचा पत्ता तुझ्या जुन्या प्रयोगशाळेतल्या बाईंच्या हातचा आहे. माझं अक्षर बाहेर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवलं असतंस, म्हणून ही युक्ती. आता फोडलंच आहेस तर वाच. तुझा जुना फोन लागत नाही. नवा नंबर बाईंकडे आहे, पण तुला विचारल्याशिवाय तो मला देणार नाहीत म्हणाल्या. बरोबरच आहे त्यांचं.

तुझ्या प्रयोगशाळेत नळ्यांत खाद्य भरणाऱ्या बाई काल दुपारी घरी आल्या. जिना चढून दम लागला होता, तरी बसल्या नाहीत, आधी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. डब्यात कापूस, कापसात एक काचेची नळी. तोंडाला कापसाचा बोळा. मला म्हणाल्या, "काका, ही तिची शेवटची."

शेवटची म्हणजे काय, विचारलं. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, जे तू मला सांगितलं नाहीस आणि सांगण्याचं काही कारणही नव्हतं. तिकडे परदेशात तुझ्या फ्रीजरमध्ये बिघाड झाला आणि तुझी बुरशी मेली. दुसरीकडच्या लोकांनी तुझा लेख वाचून तसं करून बघितलं, त्यांना तसं दिसलं नाही. ते म्हणतात, तुमची बुरशी पाठवा, आमच्या डोळ्यांनी बघू. नव्याने तशी घडवायला वर्षाच्या वर लागेल आणि तेवढं थांबायला कोणी तयार नाही. पाठवली नाही तर लेख मागे घ्यायचा आणि लेख मागे घेतला की तुझी तिथली जागा गेली. "खोटारडी ठरेल हो ती," असं बाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा पुसला.

इकडे तुझ्या सरांचं आता असं झालंय की ते कोणाला ओळखत नाहीत. त्यांची प्रयोगशाळा रिकामी करताहेत. थंड खोलीची वीज तोडली. बाईंनी तुझ्या जुन्या बाटल्या शोधल्या, बुरशीचे वाळवून ठेवलेले दाणे होते ते एकेक करून खाद्यावर टाकले, तर सगळ्यांत मिळून ही एक नळी उगवली. हिच्यापासून दुसरी करावी तर खाद्य संपलेलं आणि यंत्रं पेट्यांत गेलेली. त्यात त्यांच्या मुलीला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय, दिवस भरत आलेत, म्हणून त्या आज सकाळीच गावाला गेल्या. तुझ्याकडून परवानगीचा कागद आला की परत येऊन पार्सल करणार. तोपर्यंत नळी माझ्याकडे.

मी म्हटलं, "बाई, मी बेकरीच्या भट्टीवरचा माणूस. मला कशाला देता?"

"मग कोणाचं दार वाजवू, काका?"

मी डबा जवळ ओढला. सांभाळायचं काय, तर काहीच नाही. उन्हात ठेवायची नाही, बोळा काढायचा नाही. बोळा काढायचा नाही हे त्यांनी जिना उतरतानाही वळून सांगितलं.

कपाटात, पाहुण्यांच्या कपबशांच्या मागे ठेवली आहे. आत्याने ताबडतोब कपबशा दुसरीकडे हलवल्या. तिला काल सगळं ओरडून सांगावं लागलं, कारण कानाचं यंत्र ती फक्त बाहेर जाताना लावते. ऐकून म्हणाली, "दादा, जन्मभर बुरशी घालवण्यात हाडं झिजवलीस, आता म्हातारपणी तीच पाळ."

पत्र पोचायला आठवडा लागतो म्हणतात. नळी ठीक आहे, एवढंच कळवायचं होतं. त्या दिवशी बेकरीत जे झालं त्याबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही.

बाबा


१० मार्च

पिठू,

तुझं उत्तर येईल असं मी धरून चाललेलो नाही, तरी खाली पोस्टाच्या पेटीत बघून येतो. गुडघ्याला तेवढाच व्यायाम.

नळी रोज बघतो. खरं सांगू का, मला तिचं लक्षण ठीक वाटत नाही. तू पहिल्यांदा प्रयोगशाळेत लागलीस तेव्हा मला तिथे घेऊन गेली होतीस, आठवतं? एक नळी उजेडात धरलीस आणि म्हणालीस, ही बघा माझी. छान भरलेली केशरी होती, वर पिठासारखी भुकटी. मी घाबरून मागे सरलो होतो आणि तू हसली होतीस. भट्टीवरच्या माणसाला तो रंग म्हणजे काळ. एका पावावर दिसला की दुसऱ्या दिवशी सगळ्या फळीवर.

ही मात्र पांढरी आहे. नुसती पांढरी, कापूस पिंजून ठेवल्यासारखी. पहिल्या दिवशी वाटलं, लहान आहे, धरेल रंग. आता इतके दिवस झाले, वर भुकटीही आलेली दिसते, पण तीही पांढरीच. पाव पांढरा राहिला तर आम्ही काय म्हणतो? कच्चा. आच लागली नाही, नाही तर हवा लागली नाही. आत्याला दाखवली. ती म्हणाली, "अशक्त दिसते. पोरीवर गेलीय." तुझं शेवटचं पाहिलेलं, बारीक झालेलं तोंड तिच्या डोळ्यांपुढे आहे अजून.

बाईंना फोन केला तर त्यांचा जावई बोलला. दवाखान्यात आहेत, मग बोलतील. मी कशाला त्रास देऊ म्हणून ठेवला.

तू ते बुरशीचं काम मला समजावून सांगितलं होतंस तेही आठवलं. तेव्हा तू दुपारी डबा घेऊन बेकरीत यायचीस आणि मी जेवत असताना पिठाच्या पोत्यावर बसून बोलायचीस. मला निम्मं कळायचं. मान मात्र पूर्ण हलवायचो. पण एक गोष्ट पक्की डोक्यात बसली, कारण ती तू आमच्याच भाषेत सांगितलीस. म्हणालीस, बाबा, पेशीत बारक्या बारक्या भट्ट्या असतात, त्यांना तंतुकणिका म्हणतात. बुरशी त्या भट्टीत आर्जिनीन नावाचं अमिनो आम्ल बनवायला लागते, आणि त्या कामाच्या सुरुवातीला एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. आता समजा, दुकानातली फळी पावांनी भरलेली आहे. मग मालक काय करतो? मी म्हटलं, भट्टी थांबवायला सांगतो. तू म्हणालीस, बरोबर, पण बुरशीत मालक नसतो. मग कोण थांबवतं?

मला वाटलं तू माझी गंमत करतेस. पण तू खरंच सांगत होतीस. ते विकर बनवायचा हुकूम लांबलचक असतो आणि त्याच्या आधी एक चिमुकला हुकूम असतो. वाचणारं यंत्र आधी तो वाचतं. बाहेर आर्जिनीन भरपूर असेल तर त्या चिमुकल्याच्या शेवटी ते अडकून बसतं, पुढे सरकत नाही, पुढचा हुकूम वाचलाच जात नाही. मग विकर नाही आणि भट्टी थंड. तुझ्या बुरशीत त्या चिमुकल्या हुकुमातलं एकच अक्षर बदललेलं. यंत्र अडकत नाही. फळी भरलेली असो नसो, हिची भट्टी चालूच.

आणि ती सापडली कशी, तेही सांगितलं होतंस. सरांनी मुद्दाम अशी बुरशी घडवली होती जिला दुसरी एक गरजेची वस्तू त्याच भट्टीतून मिळायची, दुसरीकडून नाही. तिला आर्जिनीन वाढलं की ती भट्टी थांबवायची आणि त्या दुसऱ्या वस्तूवाचून उपाशी मरायची. समोर ताट भरलेलं आणि मरायची. तशा लाखो मेल्या. एक जगली. ती तुझी.

मी तेव्हा घास खाली ठेवला होता. म्हटलं, अगं, वाढणाऱ्याला कसं कळायचं मग? तू म्हणालीस, नाही कळत, बाबा.

बरं. त्या दिवसाबद्दल लिहिणार नव्हतो, पण तू मनात काय धरून बसली आहेस ते मला कळतं. बेकरीत केशरी बुरशी आली, सगळा माल जाळावा लागला. मालक चारचौघांत तुला म्हणाला की तुझ्याच कपड्यांतून आली, उद्यापासून इथे पाऊल टाकू नकोस. तू सांगत होतीस की ही कोणी आणावी लागत नाही, बेकरीत असतेच, भट्टीची ऊब लागली की जागी होते. आणि तू माझ्याकडे बघत होतीस. मी पीठ मळत होतो. मळायला घेतलेलं पीठ सोडता येत नाही, पिठू. ते बसतं. तू तशीच निघून गेलीस आणि पुढच्या महिन्यात देशही सोडलास. त्याच्या भाकरीवर तुझं शिक्षण झालं, त्याला मी काय बोलणार होतो? जाऊ दे. मी अजून सकाळी जातो तिकडे. हाताला सवय आहे.

तर नळीचं. बोळा मी काढलेला नाही, बाईंना तसं सांगशील. आज भट्टीवरून आलो, आल्या आल्या कपाट उघडलं, तशीच पांढरीफटक. मला राहवेना. हात साबणाने दोनदा धुतले आणि बोळा नुसता सैल केला, वर ओढून पुन्हा बसवला, थोडी हवा जावी म्हणून. झाकलेलं पीठ कसं गुदमरतं ते मला माहीत आहे. उन्हात ठेवली नाही, पण खिडकीजवळ जरा उजेडात ठेवली आहे.

बाबा


१४ मार्च

पिठू,

रंग आला.

सकाळी बघतो तर बोळ्याखाली केशराची काडी टाकल्यासारखं काहीतरी. डोळ्यांना दिसतं की भासतं म्हणून आत्याला बोलावलं. तिने चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाली, "अगदी तुझा जन्माचा वैरी दिसतोय, दादा." म्हणजे तोच रंग. संध्याकाळपर्यंत वरचा सगळा भाग केशरी झाला. अगदी तू दाखवली होतीस तशी, वर भुकटी आणि सगळं. हवाच कमी पडत होती तिला. मी म्हणत होतो ना.

आज मी फार दिवसांनी जेवलो असं आत्या म्हणते. ती काहीही म्हणते, रोज जेवतोच मी. पण आज वाढून घेतलं हे खरं.

त्या लोकांना आता बघू दे डोळ्यांनी. तू खोटं बोलत नाहीस हे मला कोणी विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं, पण माझ्या सांगण्याला तिकडे कोण विचारतो. नळी सांगेल. तुझा कागद आला की बाईंच्या हातात सुखरूप देतो.

हे पत्र जलद टपालाने टाकतो आहे. मागच्या पत्रात मी रडगाणं लावलं होतं, ते वाचून तू काळजीत पडशील, म्हणून हे लगेच.

बाबा


१९ मार्च

पिठू,

हे पत्र लिहून झाल्यावर टाकणार की नाही, मला माहीत नाही.

काल बाईंचा फोन आला. त्यांना नात झाली, दोघी बऱ्या आहेत. मी अभिनंदन केलं आणि म्हटलं, माझ्याकडेही आनंदाची बातमी आहे, तुमच्या नळीने छान केशरी रंग धरलाय. मला वाटलं फोन कटला. हॅलो, हॅलो केलं.

मग म्हणाल्या, "काका, तिची पांढरी आहे हो."

मी म्हटलं, पांढरी होती, आता झाली केशरी.

"नाही, काका. तिची कधी केशरी होतच नाही."

तुझ्या सरांची तशी पद्धतच होती म्हणे. काम सगळं पांढऱ्या जातीवर करायचं, म्हणजे बाहेरची रानटी शिरली तर रंगावरून लगेच कळावं. तू मला दाखवलीस ती अगदी पहिल्या दिवसांतली, रानटी, शिकायला घेतलेली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला सांगावं असं कोणाला का वाटेल? बाईंनी विचारलं, भट्टीवरून आल्यावर कपडे बदलून नळीला हात लावला होता का. मी हात धुतले होते, पिठू. साबणाने. कपडे तेच होते. सदऱ्याच्या बाह्यांवर किती वर्षांचं काय बसलेलं असेल ते मला काय दिसणार होतं.

मागून बाळाच्या रडण्याचा आवाज यायला लागला. बाई म्हणाल्या, "असू दे, काका. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी आल्यावर बघते." आणि फोन ठेवला.

म्हणजे ती पांढरी, अशक्त, कच्ची म्हणून मी जिच्याकडे बघून रोज सुस्कारे टाकत होतो, तीच तुझी होती. धडधाकट होती. तशीच असायला हवी होती.

नंतर काय झालं ते मी नीट सांगायचा प्रयत्न करतो. मी कपाटापुढे उभा राहिलो. केशरी आता बोळ्याच्याही वर आली होती, कापसाच्या कडेने बाहेर. आणि आमच्या कामात अशी केशरी दिसली की काय करायचं हे विचारावं लागत नाही. उघडायचं नाही, फुंकायचं नाही, ओलं फडकं टाकायचं, गुंडाळायचं आणि थेट आगीत. पोरवयापासून हेच केलं. डोकं काही म्हणायच्या आत हात करतात. मी फडकं ओलं केलं. नळी गुंडाळली. चपला घातल्या. बेकरीत दुपारचा माल निघाला होता, भट्टीचं दार उघडं होतं, खाली निखारे होते. टाकली. काच फुटल्याचा टक असा आवाज आला.

घरात ठेवली असती तर माझ्या कपड्यांवरून पुन्हा बेकरीत गेली असती, पुन्हा माल गेला असता, पुन्हा तुझं नाव निघालं असतं. असं मी परत येताना स्वतःला सांगत होतो.

मालकाने आवाज ऐकला. गल्ल्यावरून विचारलं, "काय फोडलंत, मामा?"

मी म्हटलं, पोरीची एक नळी होती.

"अजून तीच भानगड का?" असं म्हणून तो हसला. वाईट हसला नाही, सहज हसला. मी परातीकडे बघत राहिलो. परात रिकामी होती.

आता तुला काय कळवू? तुझी साक्ष मी सांभाळायला घेतली, मी बिघडवली आणि मीच जाळली. हे असं एका ओळीत लिहिता येतं हे आत्ता कळलं. पण पाकिटात घालवत नाही.


२४ मार्च

पिठू,

आज तू फोन केलास. बेकरीच्या नंबरावर. एवढ्या वर्षांत तो नंबर तू विसरली नाहीस.

मालकाने उचलला. त्याचा चेहरा पालटला आणि नुसता हात लांब करून त्याने मला रिसीव्हर दिला. माझे हात पिठाने भरलेले होते. तसाच घेतला.

तू म्हणालीस, "बाबा, नळी आहे ना?"

तुझा आवाज जाड झालाय गं. की लाइन तशी होती.

मी म्हटलं, "आहे."

"तुमची पुढची दोन्ही पत्रं आजच मिळाली. फेकली नाहीत ना तुम्ही?"

"नाही गं."

पिठू, पहिला शब्द माझ्या तोंडून निघून गेला. दुसऱ्या वेळी मला विचार करायला वेळ मिळाला होता आणि तरी मी तेच म्हटलं. तू जो श्वास सोडलास तो मला इथे ऐकू आला. तेवढा श्वास ऐकायला मिळावा म्हणून म्हटलं असेन. मला माहीत नाही.

मग तू भराभर बोलत सुटलीस, अगदी पोत्यावर बसून बोलायचीस तशी. की केशरी वर पसरली तरी खाली माझी पांढरी मरत नाही. की त्यातले बीजाणू पाण्यात सोडून एकेक वेगळा वाढवला तर पांढरे निवडून काढता येतात, आठवड्याचं काम आहे, तू शंभर वेळा केलंय. की बोळ्यावर प्लास्टिक बांधा आणि डबा बंद करून ठेवा, आता कशालाच हात लावू नका. मी हो हो म्हणत होतो. मान हलवत होतो, फोनवर.

म्हणालीस, रागावले नाही, बाबा, तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि हसून म्हणालीस, "मालकांना सांगा, या वेळी बेकरीतली माझ्या नळीत आलीय." मालक समोरच उभा होता. मी त्याला सांगितलं नाही.

मग गुडघे कसे आहेत विचारलंस. आत्या यंत्र लावते का विचारलंस. आणि शेवटी म्हणालीस की कागदाची वाट बघत बसत नाही, टपालावर आता भरवसा नाही, मीच येते. त्या लोकांनी पुढच्या महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय, तेवढ्यात इथेच कोणाच्या तरी प्रयोगशाळेत जागा मागून पांढरी वेगळी काढते.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "पिठू," एवढं म्हणालो. तू म्हणालीस, "आल्यावर बोलू, बाबा," आणि ठेवलास.

फोनवर तुझा नवा नंबर दिसला असेल म्हणून मी मालकाला विचारलं. त्याचा फोन जुना आहे, त्यात नंबर दिसत नाही. बाईंना लावला, तर बंद. त्यांच्या जावयाचाही बंद. पत्र टाकावं तर पोचायला आठवडा, आणि तू त्याआधीच निघणार.

मालकाने संध्याकाळी विचारलं, पोरगी येतेय का. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "येऊ दे की बेकरीतही. झालं ते झालं." मला त्याचा राग यायला हवा होता किंवा बरं वाटायला हवं होतं. दोन्हीपैकी काही झालं नाही.


२७ मार्च

पिठू,

बाईंचा फोन आज लागला. मी त्यांना सगळं सांगितलं. खरं ते. त्या रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, मी तेव्हाच 'टाकू नका' म्हणायला हवं होतं." मग त्यांनी तुला लावून बघितला. तुझा बंद. तू निघालीस. आत्ता हे लिहितो आहे तेव्हा तू वर आभाळात कुठेतरी आहेस आणि तुझ्या मनात नळी कपाटात आहे.

दुसरी मिळेल का, हे मी बाईंना तीनतीनदा विचारलं. वाळवलेले दाणे संपले. बाटल्या कचऱ्यात गेल्या. थंड खोली धुऊन काढून आता तिथे खुर्च्या रचल्या आहेत. हे कळायच्या आधी मी काल प्रयोगशाळेवर जाऊन आलो होतो. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही, कशासाठी विचारलं, मला सांगता येईना. बाहेर जिथे टाकाऊ काच टाकतात तिथे उभा राहून बघत होतो. तो म्हणाला, "आजोबा, हात कापेल." मी परत आलो.

सकाळी भट्टीखालची राखही काढून बघितली. का बघितली, विचारू नकोस. काचेचा वितळलेला गोळा मिळाला, सुपारीएवढा.

आत्याने दोन दिवस माझं तोंड बघितलं आणि आज यंत्र लावून माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, दादा, शिळ्या पावावर पांढरी बुरशी हवी तेवढी येते, एक नळी आण, त्यात घाल, तुझ्यावर बालंट नको. "पोरीला काय, बुरशी ती बुरशी."

मी तिला ओरडणार होतो. ओरडलो नाही. कारण काल रात्री अंथरुणात मीही तेच मनात करून बघितलं होतं. नळी कुठून आणायची, इथपर्यंत गेलो होतो. पण तू डबा उघडशील, उजेडात धरशील आणि एका नजरेत तुला कळेल. तेव्हा मी कुठे बघू? आणि समजा नाही कळलं, तू ती नेऊन त्या लोकांपुढे ठेवलीस, मग खोटारडी मी तुला केलं. आत्याला एवढंच म्हटलं की ते होणार नाही. तिने यंत्र काढून ठेवलं. आता बोलणं बंद आहे तिचं.

विमानतळावरून तू रेल्वेने येशील, तर स्टेशनवर घ्यायला येऊ का, असा विचार केला. गर्दीत, सामान हातात असताना सांगायचं कसं? आणि नाही सांगितलं तर घरी येईपर्यंत तू सगळ्या रस्त्याने नळीबद्दलच बोलशील आणि मी मान हलवत बसेन. ते मला झेपायचं नाही. म्हणून येत नाही. घरीच थांबतो.

तोंडाने मला सांगता येणार नाही हे मला कळून चुकलंय. फोनवर एका शब्दाचं काम होतं, तेही झालं नाही. तुला बघितल्यावर तर होणारच नाही. म्हणून हे लिहिलं. यासोबत १९ तारखेचं आणि २४ तारखेचं, न टाकलेली दोन्ही आहेत. ती आधी वाच, म्हणजे क्रम लागेल. सगळं त्यात आहे, मी काही गाळलं नाही. एके ठिकाणी सबब सांगितली आहे, ती तुला ओळखू येईल.

यावर काय करायचं ते मला माहीत नाही. तुला लेख मागे घ्यावा लागेल का, तुझी जागा राहील का, त्या लोकांना एखाद्या म्हाताऱ्याने लिहिलेलं पत्र चालतं का, की आमच्या चुकीने गेली, मुलीने खोटं केलं नाही. चालत असेल तर सांग, मी लिहून सही करून देतो. हसतील तर हसू दे. माझ्याकडे देण्यासारखं एवढंच उरलंय आणि ते कामाचं नाही हेही मला समजतं.

तुझी खोली झाडून घेतली आहे. भट्टीवर तीन दिवस कामाला गेलेलो नाही. कपडे सगळे उकळून धुतले, आता त्याचा उपयोग नाही, तरी धुतले.

दार मीच उघडेन. पाकीट माझ्या हातात असेल. तू ते घेशील आणि तिथेच उभ्या उभ्या फोडायला जाशील. फोडू नकोस. चपला काढ, आत ये, पाणी पी. मग वाच.

बाबा